मायग्रेशनवीर

हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांत मजल्यागणिक असा एक तरी सापडतो. लॅपटॉपवर इतके स्टिकर की कंपनीचा लोगो शोधावा लागतो आणि तोंडी कायम एकच प्रश्न : "हे अजून जेएसपीत आहे?"

बिलिंगचं ॲप्लिकेशन वर्षानुवर्षं निमूट चाललेलं असतं. पान सर्व्हरवर तयार होतं, सबमिट दाबलं की बिल निघतं. नेमकं हेच त्याला बघवत नाही. "फ्रंटएंड रिॲक्टमध्ये नेऊ. दोन स्प्रिंटचं काम!" ब्रेंडन आइकनं १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट दहा दिवसांत उभी केली, हे तो एस्टिमेटच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवतो. त्या घाईची भरपाई जग अजून करतंय, हे मॅनेजरला कोणी सांगत नाही.

मागच्या कंपनीत त्यानं हेच काम अँग्युलरजेएसमध्ये केलं होतं. २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं, ते जुन्याशी जुळेना. तो खचला नाही. उलट पुन्हा मायग्रेशन करायला मिळालं म्हणून त्यानं टीमला पार्टी दिली.

दोन स्प्रिंटचं वर्ष होतं. मेनू जुना, आतलं पान नवं, मध्ये आयफ्रेमचं ठिगळ. मग भोसरीच्या कारखान्यातून अकाउंट्सच्या मॅडमचा फोन येतो. "सर, आधी टॅब मारत मारत बिल व्हायचं. आता त्या यादीवर टॅब थांबतच नाही." थांबणार कसा? साधा सिलेक्ट काढून यानं डिव्हचा देखणा ड्रॉपडाउन बसवलेला. "मॅडम, हा मॉडर्न एक्सपिरियन्स आहे," तो समजावतो.

"बरं, आणि बेरीज?"

बेरीज पूर्वी सर्व्हरवर जावा करायची, पैशाला पैसा जुळवून. यानं ती ब्राउझरमध्ये आणली. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होतात. मॅडमच्या ऑडिटरला एवढ्या बारीक पैशांची सवय नसते.

याची खरी हुशारी पुढे आहे. मायग्रेशन अर्धं झालं की रेझ्युमे पूर्ण होतो. नोटीस पिरियडमध्ये तो शेवटचं प्रेझेंटेशन देतो, विषय 'रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्स'. पान सर्व्हरवरच तयार करून ब्राउझरला पाठवायचं, केवढी क्रांती! मागच्या रांगेतला जेएसपीवाला म्हातारा डेव्हलपर तेवढा खोकतो.

तुमच्या टीममध्ये तो नुकताच रुजू झाला असेल, तर जुन्या सर्व्हरचा पासवर्ड त्याला देऊ नका. महिनाअखेरीला लागेल.