पळपुट्यांची ड्युटी

संसाराला कंटाळलेला माणूस पूर्वी हिमालयात जायचा. तेवढी हिंमत नसली तर निदान पारावर जाऊन बसायचा. आता ती यातायात राहिली नाही. मी रात्री जेवणं उरकली की पोलंडला जातो. तिथल्या गोदामातून यंत्रांचे सुटे भाग उचलतो आणि मुकाट्याने जर्मनीत नेऊन टाकतो.

'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा प्रागच्या कंपनीने २०१२ साली काढलेला खेळ. त्यात ना भुतं, ना बंदुका, ना कैदेतली राजकन्या. ट्रेलर जोडायचा, माल वेळेत पोचवायचा, बस्स. सिग्नल तोडला की दंड. रात्री दिवे लावायला विसरलं तरी दंड. म्हणजे दिवसभर लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरून दमलेला माणूस रात्री सगळं सोडून पळतो कुठे, तर दुसऱ्या नोकरीवर. तीही बिनपगारी!

मी एकटाच असा नाही. 'पॉवरवॉश सिम्युलेटर' नावाच्या खेळात पाण्याच्या फवाऱ्याने मळकी अंगणं आणि गाड्या धुवायच्या असतात. आमचे एक स्नेही त्यात कानाकोपऱ्यातला डागही सोडत नाहीत. त्यांच्या घरची बाल्कनी मात्र कबुतरांच्या नावावर झाल्यात जमा आहे. २००९ साली 'फार्मव्हिल' आलं तेव्हा पडद्यावरची स्ट्रॉबेरी वाळू नये म्हणून पहाटेचा गजर लावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याच खिडकीतली तुळस पाण्यावाचून माना टाकत होती.

ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावणं हा तर योगाभ्यास आहे. ट्रेलरचं बूड उजवीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग डावीकडे वळवावं लागतं. जरा जास्त वळवलं की ट्रेलर आणि ट्रक यांचा काटकोन होतो. मग पुन्हा पुढे, पुन्हा सरळ, पुन्हा मागे. आरशात पाहत, श्वास रोखून, एकेक वीत. या अवस्थेत असताना बायको म्हणते, "अहो, चाळीस टनांचा ट्रक हाकता ना? मग तो सिलिंडर तेवढा आत घ्या." याला उत्तर नसतं.

तरी मला संयम नाही, हा आरोप मान्य नाही. माझा खेळातला ड्रायव्हर पाहा. दमला की जांभया देतो, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ट्रक बाजूला लावून त्याला झोपवावंच लागतं. मी त्याला वेळच्या वेळी झोपवतो. पंचाईत एवढीच, की त्याची झोप दोन क्षणांत आटोपते. तो ताजातवाना होऊन उठतो आणि इकडे घड्याळात पावणेदोन वाजलेले असतात.

खरा संयम पाहावा तो प्राचीन काळच्या लिडिया देशातल्या लोकांचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्यांच्या देशात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी फासे आणि चेंडूचे खेळ शोधून काढले. एक दिवस नुसतं खेळायचं, म्हणजे भुकेची आठवण होत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायचं, तेव्हा खेळ बंद. अशी त्यांनी १८ वर्षं काढली म्हणे! हिरोडोटसच्या गोष्टी थोड्या मीठ लावूनच घ्याव्यात, पण कल्पना नामी आहे. आम्ही खेळ आणि चिवडा एकाच वेळी हाताळतो, म्हणून कीबोर्डात शेंगदाणे सापडतात.

चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ बांधून दिला. चांगलं केलं. पण पन्नाशी ओलांडलेल्या बापांसाठी कोणत्याच सरकारने काही केलेलं नाही. आमच्यावर देखरेख करायला घरचा मुलगाच उरतो, आणि तो स्वतःच्या मोबाइलमधून मान वर काढत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असा एखादा ट्रकवाला असेल, त्यांना एक व्यवहारी सूचना. तो ट्रेलर मागे घेत असताना हाक मारू नका, वाया जाईल. माल उतरला की तो पाठ टेकतो आणि दोन मिनिटं जगाशी चांगला वागतो. दळणाचं काय ते तेव्हाच सांगून टाका. तिसऱ्या मिनिटाला पुढची ऑर्डर आलेली असते.