वाळवंटाची पूर्वतयारी

हिंगोली जिल्ह्यात वाळवंट नाही. १९९९ साली परभणीतून जिल्हा वेगळा काढताना राहून गेलेली ही प्रशासकीय त्रुटी होय. तरीही येथील फोर बाय फोर मालकांनी तयारीत कसर ठेवलेली नाही, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. बॉनेटखाली दोन सिलिंडरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर, बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, रिले, शिवाय हवेची टाकी. हेतू शास्त्रशुद्ध आहे: वाळूत शिरताना टायर १८ पीएसआयवर आणायचे, बाहेर येताच पुन्हा फुगवायचे.

औंढा नागनाथच्या रस्त्यावर पंक्चरवाले आहेत. पण परावलंबन ते परावलंबनच. याच न्यायाने डिकीत पिठाची गिरणी आणि मागच्या सीटवर न्हावीही बसवावा.

यंदाच्या पावसात कंप्रेसरने आपली योग्यता सिद्ध केली. वसमतकडच्या काळ्या रानात गाडी चारही चाकांनी एकदिलाने रुतली. हळदीच्या वावरातून ट्रॅक्टर आला, तर त्याचेच मागचे चाक बसलेले. गाडीचे इंजिन चालू ठेवून कंप्रेसरने ते फुगवले. मग ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली.

ट्रॅक्टरवाल्याने मालकाचा मोबाइल नंबर घेऊन ठेवला आहे. पुन्हा चाक बसले, तर गाडी कुठे रुतली आहे ते विचारता येईल.