कंपनीची का बाहेरची?

मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन झालेलं असतं, पंगतीत पोटभर जेवण झालेलं असतं, घरच्यांना गाडीत बसवून माणूस किल्ली फिरवतो आणि गाडी नुसतं ‘टक’ म्हणते. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत कपिलधारच्या शिवारात हा आवाज कुठे ना कुठे ऐकू येतोच. लातूर-नांदेडकडून पायी दिंडीत आलेला वारकरी तेव्हा शेजारून शांतपणे निघून जातो. त्याला वॉरंटीची भानगड नाही.

बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात. ‘काय झालं’ असं कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: “बॅटरी कंपनीची हाय का बाहेरची?” आपण ‘कंपनीची’ म्हणालो की एक जण मान हलवतो, “मग जाणारच. कंपनीवाले हलका माल देतेत.” दुसरा लगेच उसळतो, “काय बोलता राव, आमची कंपनीचीच हाय, सहा वर्षं झाली, हात लावला नाही.” ‘बाहेरची’ म्हणालो तर मात्र दोघांचं एकमत होतं.

आता ही ‘कंपनी’ म्हणजे गाडीची कंपनी, आणि ती बहुधा बॅटरी बनवतच नाही. ती विकत घेते. कधी एक्साइडची, कधी अमरॉनची, कधी आणखी कोणाची. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन वेगळ्या नावांच्या बॅटऱ्या निघू शकतात. एक्साइडचे कारखाने आपल्या चिंचवडला आहेत, अहिल्यानगरला आहेत. एसएफ नावाची बॅटरीही त्याच घरची, त्यामुळे ‘एक्साइड बरी का एसएफ बरी’ यावर बीडच्या चहाच्या टपरीवर जे भांडतात ते एकाच घराच्या दोन दारांवर भांडत असतात. अमरॉन अमर राजाची, तिरुपतीजवळच्या कारखान्यातली. म्हणजे तिचंही गाव तीर्थक्षेत्रच. पण ऐन यात्रेत बसायची वेळ आली तर ती त्याची भीड ठेवत नाही.

तरीही कंपनीची बॅटरी जास्त टिकते हा अनुभव खोटा नाही. फक्त श्रेय चुकीच्या माणसाला जातं. कारखान्यातून निघालेली बॅटरी ताजीताजी नव्या गाडीत बसते. वायरिंग नवं, अल्टरनेटर नवा, पट्टा ताणलेला, चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास नीट चाललेलं. शिवाय नव्या गाडीचे लाड असतात. ती सावलीत उभी राहते, दसऱ्याला हार घालून घेते. पुढे पाचव्या वर्षी जी ‘बाहेरची’ बसते, तिच्या नशिबी तीच गाडी म्हातारी होऊन येते. मधल्या काळात थोरल्या चिरंजिवांनी मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, हॉर्न बदललेला असतो आणि पट्टा सैल झालेला असतो. त्यातून ती बॅटरी दुकानाच्या पत्र्याखाली एक उन्हाळा काढून आलेली असेल तर बोलायलाच नको. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, उन्हात आणखी लवकर. आणि उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग तुलना बॅटऱ्यांची राहत नाही, सासर-माहेरची होते.

खरा गुन्हेगार वेगळाच आहे, आणि त्याच्यावर कोणी दावा लावत नाही. मराठवाड्याचा मे महिना. पारा बेचाळीसच्या वर, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने आतल्या शिशाच्या जाळ्या खंगतात, पाणी उडतं. ढोबळ हिशेब असा की तापमान आठ-दहा अंशांनी चढं राहिलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून ती कशीबशी निभावते. कार्तिकातल्या पहाटे इंजिनातलं तेल घट्ट होतं, आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि ती हात टेकते. बॅटरी मरते मे महिन्यात. आपल्याला कळतं कार्तिकात. नाव मात्र थंडीचं.

वॉरंटी हा भक्तिमार्गाइतकाच श्रद्धेचा प्रांत. डब्यावर ‘24+24’ लिहिलेलं असतं आणि आपण चार वर्षं निर्धास्त होतो. त्यातले पहिले चोवीस महिने फुकट बदलून मिळण्याचे. पुढच्या चोवीसांत छापील किमतीवर सूट मिळते. छापील किमतीवर, हे महत्त्वाचं. नवीन गिऱ्हाईक म्हणून दुकानात घासाघीस केली तर जवळपास त्याच भावात बॅटरी मिळते, वर चहा. आणि पहिल्या चोवीसांतही काउंटरवरचा माणूस आधी म्हणतो, “ठेवून जा, चार्जिंगला लावून बघू.” यात लबाडी नसते. पुष्कळदा बॅटरी मेलेली नसते, नुसती उपाशी असते. रोज घर ते बाजार दोन किलोमीटर जाणारी गाडी सेल्फ मारायला जेवढं खर्चते तेवढं परत भरतच नाही. यात्रेत तर गाडी दिवसभर उभी, त्यात गाणी चालू, दोन मोबाइल चार्जिंगला, दार अर्धवट लागल्याने आतला दिवा जळतोय. यात कंपनी काय करणार?

गास्तों प्लांटे या फ्रेंच माणसाने 1859 साली शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाची ही जोडी जमवली. मूळ रसायन अजून तेच आहे. 1912 साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ दिला आणि हँडल मारताना मनगट मोडून घ्यायची गरज संपली. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं एसटीचे चालक मुक्कामाला गाडी उतारावर लावत, आणि सकाळी प्रवासी तिकीट काढून वर धक्काही देत. मांजरसुंब्याचा घाट जवळ असल्याने आम्हा लोकांना उताराचं महत्त्व शिकवावं लागत नाही. पण ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्यांनी ऐकावं: ती धक्क्याने चालू होत नाही. तिथे जंपर केबलच लागते.

तेव्हा नावांची भांडणं टपरीवर ठेवा. गाडीला सांगितलेल्याच मापाची आणि तेवढ्याच अँपिअर-अवरची कुठलीही नावाजलेली बॅटरी घ्या, तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचा आणि सहा महिने जुना माल दाखवला तर आतून दुसरी मागा. तीन वर्षं झालेली असेल तर कपिलधारला निघण्याआधी सकाळी, गाडी चालू न करता, व्होल्टेज मोजून घ्या. 12.6 असेल तर खुशाल जा. 12.4 च्या खाली असेल तर आदल्या रात्रीच चार्जिंगला लावायला हवी होती. आणि 12 च्या खाली असेल तर ती कंपनीची आहे का बाहेरची, हे विचारायला माणसं जमणारच आहेत. तुम्ही बीडहून एसटीने या.