पिशवीतली मिरची: पेण-रोह्याच्या नवशिक्यांसाठी

मिरची लावायला ग्रो बॅग लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. डालड्याचा डबा, फुटकी बादली, मोरीचं पाणी जातं ती कडा, एवढ्यावर आपल्याकडे मिरची पिढ्यान्‌पिढ्या आली. भाजीवाली मावशी कोथिंबिरीच्या जुडीवर चार मिरच्या फुकट टाकायची, तेव्हा त्यावर कुणी मार्गदर्शन करत नव्हतं. पण तुम्ही बॅग आणलीच आहे, तर वाचा.

बॅगेचा मुख्य भाग म्हणजे तिचे दोन कान. दुकानदार जाडी सांगेल, उन्हात किती वर्षं टिकते ते सांगेल. तुम्ही मान डोलवा आणि कान ओढून बघा. शेत जागच्या जागी राहतं, बॅग राहत नाही. ऊन सरकलं की बॅग सरकते, पाहुणे आले की सरकते, गणपतीच्या आधी अंगण धुताना तर तिची वरात निघते. पंधरा बाय पंधरा इंचाची बॅग माती भरून पाणी घातलं की तीस-पस्तीस किलोच्या पुढे जाते. म्हणून बारा बाय बाराची घ्या आणि तिच्यात एकच रोप लावा. खाली भोकं आहेत ना, तेही पाहा. नसतील तर तुम्ही मिरची नाही, कमळ लावताय.

आता माती. पेणमध्ये नुसतं ‘माती पाहिजे’ म्हणू नये. इथे माती म्हणजे शाडू, आणि ती थेट भावनगरकडून येते. पहिल्या वर्षी मी हमरापूरच्या एका ओळखीच्या कारखान्यातून उरलेली शाडू घमेलंभर आणली. एवढी मऊ, एवढी गोरी माती, मिरची खूष होईल असं वाटलं. चार दिवसांत ती घट्ट बसली, पाणी वरच तळं करून राहिलं आणि दहाव्या दिवशी रोपाचं विसर्जन झालं. खारेपाटातली मातीही नको, तिच्यात मीठ असतं आणि मिरचीला ते जेवणातच शोभतं. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड घ्या. कोकोपीट महाग वाटलं तर भाताचं जुनं तूस चालतं, गिरणीवर विचारा. कोकोपीटची पाच किलोची वीट मात्र घरातल्या टोपात भिजवू नका. ती फुगत जाते, टोप फुगत नाही. आमच्याकडे तो टोप लग्नात आलेला होता, यापलीकडे मी काही बोलणार नाही.

बी कुठलं? पुसा ज्वाला घ्या, नाहीतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती. धाटावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या माझ्या रोह्याच्या मेव्हण्याने हे ऐकलं नाही. त्याला भूत जोलोकिया हवी होती. 2007 मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या वरची. स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने 1912 मध्ये ही मोजणी काढली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत. मेव्हण्याने बी कुठूनसं मागवलं. सव्वीस दिवस कोंब नाही. मग आला. संक्रांतीला फळ धरलं. ढोबळी.

बी नवरात्रात टाका, रोप दिवाळीनंतर बॅगेत घाला. जूनमध्ये उत्साह येतो, तो आवरा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलखात पावसाळ्यातली बॅग म्हणजे चहाची गाळणी: खत खाली वाहून जातं, मुळं कुजतात. आणि पागोळीखाली तर कधीच ठेवू नका. एका रात्रीत रोपाच्या बुंध्याशी खड्डा पडतो आणि मुळं उघडी.

जानेवारीत पानं वळायला लागतील. हा चुरडा-मुरडा, काही जण बोकड्या म्हणतात. पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. मी हे फोनवर भावाला मोठ्याने सांगत होतो, ‘कोळी लागलेत, रस शोषतात, मारायलाच हवेत,’ आणि दारात आमच्या कोळीणकाकू पाटी घेऊन उभ्या. ‘आमी काय केला रं दादा?’ त्या दिवशी बोंबील महाग पडले. मग समजूत पटल्यावर त्यांनीच उपाय सांगितला, मासळी धुतलेलं पाणी घाल. घातलं. पानं तशीच राहिली, आळीतल्या तीन मांजरांनी मात्र बॅग उकरून ठेवली. त्यापेक्षा निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूने.

मिरची पिकून लाल झाली की बुलबुल येईल. त्याला हाकलायला शेजाऱ्यांना उठवू नका. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, तो खाऊन बी पसरवतो. तुम्हाला मात्र लागते. तिखटपणा बियांत नसून बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. चिरल्यावर हाताला आधी खोबरेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने आग पसरते. आणि हात धुतल्याची खात्री झाली, तरी तासभर डोळा चोळू नका.

शेवटचं, वाहतूक. लगडलेली बॅग मेव्हण्याला दाखवावी, जमलं तर जरा जळवावं, म्हणून मी ती दिवा-रोहा गाडीत घेऊन बसलो. तेवीस मिरच्या होत्या, मोजल्या होत्या. कासूला एका आजींनी ‘भाकरीबरोबर एक’ म्हणून तोडली. नागोठण्याला डबे उघडले, तेव्हा सहा गेल्या. ‘घरची दिसते’ असं कुणी म्हटलं की नाही म्हणता येत नाही. निडी गेल्यावर एकाने जिताड्याच्या कालवणाचा विषय काढला आणि मी उरलेल्या मोजणं सोडलं. रोह्याला मेव्हणा फलाटावर उभा होता. त्याने बॅगेला एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘भावोजी, तुळस छान आलीय.’

बॅग परत आणताना कुणी हात लावायलाही पुढे आलं नाही. यंदा घटस्थापनेला बी पेरणार आहे, रोपं उरतील. ज्यांना हवीत त्यांनी दिवाळीनंतर या आणि रिकामी बॅग घरूनच आणा.