हलकी सायकल

कळंबोलीत राहणाऱ्या माणसाला वजनाचा आदर आपोआप येतो. आमच्या बाल्कनीतून दिसणारं जग टनांत मोजलेलं आहे. लोखंड बाजारातल्या सळ्यांच्या मोळ्या, पत्र्याच्या कॉइल, अँगल, चॅनल, गर्डर. ते वाहणारे चौदा आणि बावीस चाकांचे ट्रेलर. आणि ते सगळं तोलायला जागोजागी वजनकाटे. अशा गावात राहून मी ग्रॅमच्या हिशेबानं सायकल विकत घेतली.

"काका, ही सव्वानऊ किलोची, आणि ही साडेआठची," दुकानातला मुलगा म्हणाला. त्यानं दुसरी सायकल एका बोटावर उचलून दाखवली. बोट बारीक होतं, त्यामुळे माझ्या मनावर फार परिणाम झाला. मधल्या पाऊण किलोची किंमत मी घरी अजून सांगितलेली नाही. पण तेवढ्यात एका बाईचे चांदीचे पैंजण सहज झाले असते, आणि ही गोष्ट त्या बाईला कधी ना कधी कळणार आहे.

मोठ्या शर्यतींमध्ये ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम आहे. म्हणजे टूर द फ्रान्समध्ये सायकलच्या वजनावरून मला कोणी अडवलं नसतं. अडवायला इतर कारणं होती, आणि त्यांतलं मुख्य कारण गादीवाल्या सायकलिंगच्या चड्डीत जेमतेम मावत होतं.

एकदा ग्रॅमचा नाद लागला की माणूस थांबत नाही. स्टँड, मडगार्ड आणि कॅरिअर या सायकलला मुळातच नव्हते. मी घंटी काढली. मग कुलूप. मग पाण्याच्या दोन बाटल्यांतली एक. शेवटी हातपंप आणि पंक्चरची पिशवीही काढून टीव्हीच्या फळीवर ठेवली, कारण स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन जवळजवळ अर्धा किलो भरलं होतं. हिनं काट्यावरचा पंप उचलून तिथे डाळीचं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "अहो, त्यापेक्षा रात्रीचा दुसरा भात सोडा." भात सायकलच्या वजनात धरत नाहीत, हे तिला पटवता आलं नाही.

आता प्रश्न होता जायचं कुठे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आमच्या कळंबोलीहून सुरू होतो आणि त्यावर सायकलला बंदी आहे. माणूस बेत फसल्याचं दुःख करतो, पण दारातून सुटणाऱ्या चौऱ्याण्णव किलोमीटरच्या गुळगुळीत रस्त्याच्या तोंडाशी लाल वर्तुळातली सायकल रोज बघणं हे वेगळंच दुःख आहे. कर्नाळ्याकडे जावं तर गोवा महामार्ग. पाताळगंगेचं खोरं सुंदर आहे यात वाद नाही. खोपोलीला १९१५पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी घाटाखाली उतरतं, वीज करतं आणि मग नदीला मिळतं, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहते. पण तिथवर पोचायला पळस्पे, शेडुंग, चौक असं जुन्या महामार्गानं कंटेनरच्या खांद्याला खांदा लावून जावं लागतं, आणि माझा खांदा त्यांच्या चाकाच्या नटापर्यंतच येतो.

राहिली गाढी. माथेरानच्या डोंगरातून निघून नेऱ्यावरून पनवेलला येणारी आणि खाडीत संपणारी ही आमची घरची नदी. तिच्यावरच्या देहरंगच्या धरणाचं पाणी पनवेलकर पितात. रविवारी तिकडे पावसाळी पर्यटकांची आणि त्यांना परतवणाऱ्या पोलिसांची गर्दी असते, म्हणून मी जुलैतला एक बुधवार धरला आणि रजेच्या अर्जात 'वैयक्तिक काम' असं लिहिलं.

खांदा कॉलनी, नवीन पनवेल, सुकापूर इथवर वर्णन करण्यासारखं काही नाही, रिक्षा आहेत. नेऱ्यात कुष्ठरोग्यांसाठी काम करणारं शांतिवन मागे पडलं की एकदम श्वास मोकळा होतो. समोर माथेरानचा लांबलचक पठारी डोंगर, डावीकडे चंदेरीचा सुळका, मधल्या खिंडींत ढग अडकलेले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. इरली घेतलेल्या बाया चिखलात वाकलेल्या. त्यांतल्या एकीनं मला बघून कंबर सरळ केली, बाकीच्यांना हाक मारली, आणि सगळ्या रांगेनं कंबर सरळ केली. त्यांना तेवढाच आराम. मडगार्ड नसल्यामुळे मागच्या चाकानं माझ्या पिवळ्याधमक जर्सीवर पार मानेपर्यंत शेणचिखलाचा पट्टा ओढला होता, हे मला तेव्हा दिसणं शक्य नव्हतं.

वाज्याच्या पुढे चढ लागला. मी गिअर उतरवत उतरवत शेवटच्या गिअरला पोचलो, आणि माझ्या श्वासाला घंटीचा आवाज यायला लागला. घंटी तर मी काढली होती. आवाज मागून येत होता. काळी, जुनी, दांड्याची सायकल. तिच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधलेला भरलेला गॅस सिलिंडर. वर पायात स्लिपर घातलेला एक गृहस्थ, माझ्याहून वयानं मोठा. भरलेला सिलिंडर म्हणजे तीस किलो. तो बाजूला आला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "दमलाव का?" मी बोलू शकत नसल्यामुळे अंगठा दाखवला. त्यानं पुढे जाता जाता दांड्यावरचं नाव मला वाचू दिलं. अ‍ॅटलास. या कंपनीनं साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन. कारखाना बंद पडला तरी सायकली बंद पडायला तयार नाहीत, एवढं त्या चढावर मला स्पष्ट दिसलं. नंतर ती दिसेनाशी झाली.

रस्त्याच्या शेवटी धोदाणी. डोक्यावर थेट माथेरानचा सनसेट पॉइंट. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूनं वर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला. पायथ्याच्या ठाकरांना तो आधीच लागला होता, पण त्यांनी तसं कुठे लिहून ठेवलं नाही. अजूनही इथली माणसं भाजीचे भारे डोक्यावर घेऊन वर विकायला जातात. अशी एक आजी पायवाटेनं निघाली होती. तिनं थांबून माझ्या सायकलला कॅरिअर का नाही, असं विचारलं. वजन वाढतं, असं मी सांगितलं. तिनं डोक्यावरच्या पाटीला एक हात लावला आणि काही न बोलता चढायला लागली.

परतीच्या उतारावर मी पहिल्यांदाच सायकलपटूसारखा दिसत असणार. दुर्दैवानं बघायला कोणी नव्हतं, आणि मालडुंग्याच्या अलीकडे पुढचं चाक फिस्स करून बसलं.

इथून पुढचा भाग पायी आहे. सायकलिंगच्या बुटांच्या तळाला लोखंडी खुट्या असतात, त्या पायडलमध्ये अडकतात. रस्त्यावर त्या घोड्याच्या नालांसारख्या वाजतात. असा टापा टाकत मी वाज्याजवळच्या एका पत्र्याच्या टपरीवर पोचलो. पंक्चरवाल्या भाऊंनी ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, भोक शोधलं, ठिगळ लावलं. सगळं दहा मिनिटांत. मग कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन ते व्हॉल्व्हकडे बघत बसले.

"ह्यात हवा जाते कुठून?"

ते योग्यच विचारत होते. आपल्या साध्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, स्कूटर आणि मोटारीचा वेगळा, आणि शर्यतीच्या सायकलला असतो तो तिसराच: पेन्सिलीएवढा बारीक, टोकाला चिमुकला पितळी नट. त्याचं नाव प्रेस्टा. एक छोटं अडॅप्टर लावलं की कुठलाही पंपवाला त्यात हवा भरू शकतो. ते अडॅप्टर कुठे आहे हे मला बरोबर माहीत होतं. टीव्हीच्या फळीवर.

तोवर पाचसहा जण जमले होते. एकानं सुचवलं, स्कूटरचा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब टाका. भाऊंनी रिमचं भोक दाखवलं. जाड व्हॉल्व्ह त्यातून जाणं शक्यच नव्हतं. "ड्रिल मारतो," ते उत्साहानं म्हणाले, "दोन मिनिटांचं काम." आणि खरोखर आत जाऊन ड्रिल घेऊन आले. मी रिमवर आडवा हात ठेवला. ज्या भोकाच्या आजूबाजूच्या धातूसाठी मी एवढे पैसे मोजले होते, तेच ते भोक. भाऊंना वाईट वाटलं. त्यांनी ठिगळाचे पैसे घेतले आणि ड्रिल परत नेलं.

शेवटी एक टेम्पो मिळाला. वरच्या बाजूला एका बंगल्याचं काम चाललं होतं, त्याच्या सळ्या आणायला तो पोरगा रिकामी गाडी घेऊन कुठे निघाला होता, तर कळंबोलीच्या लोखंड बाजारात. मी हौद्यात सायकलला मिठी मारून बसलो. गाढीचं खोरं या बाजूनं फार सुंदर दिसतं. मान वर करून बघायला मिळतं आणि चढावर श्वास लागत नाही. नेऱ्याला लावणीवाल्या बाया न्याहारीला बांधावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

बाजारात शिरताना पोरगा मागे वळून म्हणाला, "काका, काट्यावर उतरू नका हां. सायकल घेऊन गपचूप बसा, हलू पण नका." मला भरून आलं. पायाची अवस्था बघून म्हणतोय, असं वाटलं. कारण वेगळं होतं. सळ्या विकताना आधी रिकामी गाडी तोलतात, मग भरलेली. दोन्हींतल्या फरकाचे पैसे. रिकाम्या गाडीत मी आणि भरलेल्या गाडीत मी नाही, म्हणजे माझ्या वजनाइतकं लोखंड त्याला फुकट पडणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाला बाजारभाव आला होता.

पण काटेवाला मुरलेला होता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "ओ हेल्मेट! खाली या."

मी टापा वाजवत खाली उतरलो. आकडा शंभरानं घसरला. घरच्या काट्यावर माझं वजन ब्याण्णव भरतं. पण हा काटा वीसवीस किलोच्या पायऱ्यांनी चालतो, त्यामुळे त्यानं मला वरचे आठ किलो देऊन टाकले. बाजूला बिडी ओढत बसलेले माथाडी आकड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.

पुन्हा ओरडा नको म्हणून मी सायकलही काढायला हात घातला. ती उतरवली. आकडा हलला नाही. परत वर ठेवली. आकडा तोच. साडेआठ किलो, वाचवलेलं पाऊण किलो पैंजणांच्या भावाचं, आणि काट्याला तिचा पत्ताच नव्हता. इतकी हलकी सायकल आपण घेतली याचा मला क्षणभर अभिमान वाटला, आणि मी तसं काटेवाल्याला सांगायला गेलो.

"सायकल राहू द्या हो वरच," तो पावतीचं बटण दाबत म्हणाला. "सायकलचा काही प्रॉब्लेम नाहीये."

काट्याचे पैसे टेम्पोवाल्यानं माझ्याकडून घेतले. रिकामी गाडी माझ्यामुळे दोनदा तोलावी लागली होती.