वारा, कोंबडा आणि मी

मला गच्चीवर तांब्याचा कोंबडा हवा होता. वाऱ्याची दिशा दाखवणारा, परदेशात चर्चच्या शिखरावर असतो तसा. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण शेजाऱ्यांना ते माझ्या गच्चीकडे मान वर करून बघावं लागणार होतं. खरा उद्देश तेवढाच.

म्हणून पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. इथली ठोकाठोक पेशवाईपासूनची. तांबट पक्ष्याला ते नाव का पडलं, हे इथे उभं राहिलं की कळतं. पक्षी निदान मध्ये मध्ये थांबतो.

कारागीर लोखंडी दांड्यावर हंडा धरून मठारत होते. एक ठोका, एक चकचकीत खळगा. त्याला खेटून पुढचा. मी त्याला नुसती नक्षी समजत होतो. पण ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला बळ येतं. फार ताठला की भट्टीत तापवायचा, मग नरम पडतो. माणसांसाठी अशी भट्टी निघाली तर घरचे माझा नंबर आधी लावतील.

तेवढ्यात कोपऱ्यात बंब दिसला आणि कोंबडा डोक्यातून उडाला. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. आमच्या बंबात वरून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम येत नसे. दिल्याशिवाय मिळत नाही, हे अध्यात्म मी पंचा नेसून शिकलो. धुरानं डोळे चुरचुरायचे, ढलप्या कोणी फोडायच्या यावरून भावंडांत महाभारत व्हायचं, आणि शेवटी आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी आणि आईची बोलणी यायची. गीझरला हे संस्कार कुठले जमायला?

कारागिरांनी माझा कोंबडा शांतपणे ऐकून घेतला. म्हणाले, "करू की, साहेब. आसाच्या दोन्ही अंगांना वजन सारखं ठेवू आणि शेपटीचा पत्रा मोठा घेऊ. नाहीतर वारा कुठूनही येऊ दे, तुमचा कोंबडा आपल्याच तोऱ्यात." कोंबड्याबद्दलच बोलत असावेत.

किंमत सांगितल्यावर "काही कमी?" माझ्या तोंडून आपसूक निघालं. त्यांना ऐकू गेलं नाही. ठोके थांबले होते, तरीही. मला एकदम स्वतःचाच राग आला. हॉटेलात मठारलेल्या वाटीतून आलेल्या पनीरच्या चार तुकड्यांचे पैसे आपण निमूट मोजतो, वर टीपही ठेवतो. ज्यांनी कान देऊन ती वाटी घडवली, त्यांच्यापुढेच आपल्याला काटकसर आठवते.

तेव्हा तांब्याचं भांडं घेताना घासाघीस जरूर करा. फक्त घरी आल्यावर, चिंचेनं.