डावा कॉर्नर शिल्लक आहे का?

चढाईपटूंबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हे मत मी मैदानाच्या बाहेर बसून, चहा पीत, पूर्ण विचारांती बनवलेलं आहे. मैदानात उतरून बनवलेली मतं पूर्वग्रहदूषित असतात. शिवाय प्रो कबड्डीत वजनाची मर्यादा पंच्याऐंशी किलो आहे आणि ती मी फार पूर्वीच सन्मानाने ओलांडली आहे.

आमच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या पाच-सहा कारखान्यांच्या लोकांनी मिळून एक कागदी कबड्डी लीग चालवली आहे. खेळतात प्रो कबड्डीतले खरे खेळाडू, घाम त्यांचा, गुडघे त्यांचे, गुण आमचे. पैसे लावत नाही, त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली तेव्हा सबंध अंबरनाथात सर्वात निश्चिंत माणसं आम्हीच होतो. शेवटून पहिला येईल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, एवढाच आमचा आर्थिक व्यवहार. खेळाडूंची वाटणी १५ जुलैला, म्हणजे बुवा साळवींच्या जयंतीला, कबड्डी दिनी होते. त्यानंतर जे कोणीच घेत नाही ते ‘मोकळे’. त्यांतून दर सोमवारी एक उचलायचा, एक सोडायचा.

मोकळ्यांची यादी माझ्याकडे असते, कारण मी टाइम ऑफिसात आहे आणि रकाने आखण्याची माझी ख्याती आहे. पवन सेहरावतला २०२३ च्या लिलावात २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. त्याला कोणीही ओळखेल. न विकलेल्या खेळाडूत काय दडलंय हे ओळखायला नजर लागते. ती नजर आपल्याकडे आहे, असं मी वारंवार सांगतो. इतर कोणी सांगत नाही म्हणून मला सांगावं लागतं.

तर जागेप्रमाणे पाहू. मोकळ्यांत उरलेला चढाईपटू बहुतेक बोनसवाला असतो. समोर सहा-सात जण असले की रेषेपलीकडे अंगठा टेकवायचा, एक गुण घ्यायचा, घरी. समोर पाच उरले की बोनस बंद आणि याचं दुकानही बंद. दुसरा प्रकार ‘करो या मरो’वाला. दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसऱ्या चढाईला कर्णधार याला पुढे करतो, स्वतः मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. गुण आला तर डावपेच कर्णधाराचे, बाद झाला तर हा बाद. अशी माणसं मी आमच्या प्रॉडक्शन विभागात पाहिली आहेत. ऑडिटच्या दिवशी पुढे असतात.

कव्हरवाल्यांचं आणखी अवघड. ते जोडीने काम करतात. एकाने डॅश मारायचा, दुसऱ्याने कोंडायचं. पण पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो आणि दुसऱ्याला नुसतं ‘सहाय्य’. आमच्या लीगमध्ये सहाय्याला शून्य. अष्टपैलू मी सहसा घेत नाही. बायोडेटात ‘कोणतेही काम करण्याची तयारी’ लिहिलेलं असलं की मी सावध होतो, तसंच.

राहिला डावा कॉर्नर. इथे मला जरा बसू द्या.

अख्ख्या कबड्डीत अब्रूदार जागा असेल तर ही. चढाई करणारा तीस सेकंद नाचतो, मांडी थोपटतो, कॅमेरा त्याच्यावर. डावा कॉर्नर टोकाला वाकून उभा, लोकांच्या नजरेआड. त्याला घाई नाही. त्याला फक्त एक घोटा हवा असतो. समोरच्याने पाय जरा लांबवला, वजन पुढच्या पायावर गेलं, की हा खाली. पकड एका क्षणाची, पण त्याआधीची सगळी मिनिटं वाट पाहण्याची. घाईने उडी घेतली तर पाय निसटतो आणि उलट गुण जातो. थांबला तर चढाईपटू परत जातो आणि कोणाला कळतही नाही की इथे काही घडणार होतं. इराणच्या फझल अत्राचलीने या एका कोपऱ्यात उभं राहून प्रो कबड्डीत सर्वाधिक पकडी केल्या. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला एक कोटी मोजले, तोवर लिलावात तो आकडा कोणालाच मिळाला नव्हता. पहिला कोट्यधीश चढाईवाला नव्हे, वाट पाहणारा निघाला, ही बातमी मी तेव्हा घरी मोठ्याने वाचून दाखवली होती. पुढे त्याच्याच देशाचा, त्याच कोपऱ्यातला मोहम्मदरझा शादलू पुणेरी पलटणकडे २ कोटी ३५ लाखांना आला आणि पुण्याने त्या मोसमात विजेतेपद मिळवलं. आता याचं श्रेय मी घेत नाही. पण त्या दोघांइतकी वाट पाहण्याची ताकद कोणात असेल तर ती माझ्यात आहे. पगारवाढीच्या बाबतीत मी अनेक वर्षं त्याच पवित्र्यात वाकून उभा आहे.

असो. तर एका सोमवारी कँटीनमध्ये मी मोकळ्यांमधला एक डावा कॉर्नर नक्की करत होतो. पॅकिंगमधला एक पोरगा मागून डोकावला.

“साहेब, याला नका घेऊ. हा उजव्या खांद्यावर आधी पडतो. चढाईवाल्याला कळतं.”

मी त्याच्याकडे निवड समितीने प्रेक्षकाकडे पाहावं तसं पाहिलं. मग त्याने मोबाइल माझ्या हातातून अलगद घेतला, पकड मागे-पुढे करून दाखवली आणि खरंच, खांदा आधी पडत होता. स्वतः तो जिल्ह्यापर्यंत डाव्या कॉर्नरला खेळलेला. गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशनचे पैसे जमले नाहीत, आणि आता तो आमच्याकडे ठेकेदाराकडून खोके उचलतो.

दुपारी मी हजेरीपट उघडला. किमान वेतनासाठी आमच्याकडे तीन रकाने आहेत: कुशल, अर्धकुशल, अकुशल. त्याचं नाव तिसऱ्यात. रकाने मीच आखलेत, पट्टी लावून, लाल शाईने. ज्याला दुसऱ्याच्या घोट्यावर येणारं वजन अर्धा क्षण आधी कळतं, तो अकुशल. आणि ज्याला ते मोबाइलवर दाखवेपर्यंत कळलं नाही, तो स्टाफ. हे मला त्या दिवशी फार झोंबलं, आणि अजूनही झोंबतं. आपल्याकडे कबड्डीपटूचं भविष्य म्हणजे नोकरी. पोलीस, रेल्वे, बँक, कुठल्या तरी कंपनीचा संघ. लिलाव आला तेव्हा वाटलं, आता चित्र बदललं. बदललंही, पण २०२३ च्या त्या लिलावात पाचशेवर नावं होती, संघ बारा, शेवटच्या गटाची मूळ किंमत ९ लाख. हातोडा न पडलेल्यांचं काय होतं हे टीव्ही दाखवत नाही. आणि हा पोरगा तर त्या यादीच्याही बाहेरचा.

त्याने सुचवलेला कॉर्नर मी घेतला. त्या आठवड्यात त्या गड्याने पाच पकडी केल्या आणि मी सगळ्यांना ‘नजर’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बाजूच्या रंगांच्या कारखान्यातल्या प्रतिस्पर्ध्याला संशय आला. त्याने चौकशी केली, हरकत घेतली, बैठक बोलावली. बाहेरचा सल्लागार चालेल की नाही यावर आम्ही प्रौढ माणसं जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडलो. शेवटी ठरलं: चालेल, पण तो मोकळा समजायचा. कोणीही घ्यावा.

मी फार गडबड केली नाही. पोरगा आपलाच आहे, आपल्याच गेटमधून आत येतो, जाऊन जाऊन जाणार कुठे? शिवाय त्याला एकदा विचारलंही होतं, “माझी पोझिशन कुठली रे?” तो गंभीरपणे म्हणाला, “साहेब, तुम्ही लॉबी.” झटापट झाल्याशिवाय लॉबी मैदानात धरत नाहीत, हे मला माहीत असल्याने मी विषय वाढवला नाही.

पुढच्या सोमवारी तो रंगवाल्यांच्या टपरीवर दिसला. चहा त्यांचा, वर वडापाव. शिवाय त्यांच्या पॅकिंगमध्ये एक जागा होती, ठेकेदाराशिवाय, थेट कंपनीच्या पगारपटावर. पहिल्या तारखेपासून तो तिकडे जाणार होता. मी जरा दुखावल्या आवाजात म्हटलं, “अरे, सांगायचं तरी.”

“रिटेन करायचं होतं ना, साहेब,” तो म्हणाला, आणि माझ्या डाव्या कॉर्नरला या आठवड्यात सोडा, त्याचा घोटा सुजलाय, हे शेवटचं फुकट सांगून गेला.